क्लबचा ऑफ-रोड वीकेंड माझ्या गळ्यात पडलाय, कुठून सुरुवात करू?

नमस्कार दादा,

आमच्या गाडीवाल्यांच्या क्लबची मी यंदा सेक्रेटरी झालेय आणि पहिलंच काम अंगावर आलंय ते शनिवार-रविवारच्या ऑफ-रोड इव्हेंटचं. साधारण पंचवीस गाड्या येतील. निम्म्या खऱ्या फोर बाय फोर, लो रेंजवाल्या, म्हणजे हळू वेगात जास्त जोर देणारे वेगळे गिअर असलेल्या. बाकीच्या शहरी एसयूव्ही, त्यातल्या काही ऑल व्हील ड्राइव्ह आणि दोन-तीन तर नुसत्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. जुन्या मेंबरना अवघड ट्रॅक पाहिजे, नवे लोक मुलाबाळांसकट येणार आणि त्यांना गाडी खालून घासायची भीती. त्यात एक सिनियर मेंबर आहेत, गाडी चालवतात एक नंबर पण कुणाचं ऐकत नाहीत, मागच्या वेळी ओढ्यात रांग तोडून घुसले आणि त्यांच्यामुळे दुसऱ्याची गाडी मधेच अडकली. त्यांना मी कसं सांगू? आणि कुणाला लागलंबिगलं तर जबाबदारी माझी का? टेन्शनने झोप उडालीय.

— एक नवी सेक्रेटरी

ताई,

सगळ्यात आधी एक हिशोब करून बघा, बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं. एखाद्या बऱ्यापैकी अवघड जागी, म्हणजे खडकाळ चढ म्हणा किंवा खोल खाचांचा ओढा म्हणा, एका गाडीला पार व्हायला पाच मिनिटं धरा. पंचवीस गाड्यांची १२५ मिनिटं झाली, म्हणजे दोन तासांच्या वर, आणि ते पण एकही गाडी अडकली नाही तर. अशा चार जागा रूटवर आल्या की शनिवार संपला, आणि मागच्या गाड्यांमधले लोक दिवसभर नुसते उभे राहिले. उभे राहिलेले लोक कंटाळतात, मग कुणीतरी शेजारून नवी वाट काढतो, मुलं गाड्यांच्या मधून पळायला लागतात, कुणी नंबर सोडून पुढे घुसतो. तुमच्या त्या सिनियर मेंबरनी ओढ्यात रांग तोडली ती चूकच, पण मला खात्री आहे की त्याआधी ते बराच वेळ इंजिन बंद करून बसले असणार.

म्हणून पंचवीस गाड्यांची एक रांग करूच नका. आठ-आठ, नऊ गाड्यांचे तीन गट करा. प्रत्येक गटाला पुढे एक लीड गाडी, जिच्या ड्रायव्हरने तो रूट आधी स्वतः चालवलाय, आणि सगळ्यात मागे एक स्वीप गाडी, जिच्यात रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचं सामान आहे आणि चालवणारा शांत डोक्याचा आहे. लीडपेक्षा स्वीप निवडताना जास्त विचार करा असं मी म्हणेन, कारण सगळी लफडी मागच्या बाजूलाच होतात आणि पुढच्याला ती दिसत पण नाहीत. गट एकमेकांच्या मागे अर्ध्या-पाऊण तासाने सोडा, किंवा रूट गोल असेल तर एक गट उलट्या बाजूच्या टप्प्यावर सुरू करा, फक्त अरुंद वाटेवर दोन गट समोरासमोर येणार नाहीत एवढं बघा.

आता जुने आणि नवे यांचं भांडण. माझं मत अगदी स्पष्ट आहे, मुख्य रूट हा तुमच्याकडच्या सगळ्यात कच्च्या ड्रायव्हरला आणि सगळ्यात कमी ग्राउंड क्लिअरन्सच्या गाडीला डोळ्यासमोर ठेवूनच आखायचा. यावर जुने लोक नाक मुरडतील. त्यांच्यासाठी उपाय असा की त्याच रूटच्या कडेला, जिथे जायची परवानगी आहे आणि आधीपासून वाट मळलेली आहे अशा ठिकाणी, अवघड लाइन शोधायची. म्हणजे साधी वाट चढाला वळसा घालून वर जाते आणि अवघड वाट सरळ खडकातून, दोन्ही वर जाऊन एकत्र मिळतात. नवे लोक वर जाऊन बघत बसतात, जुने हौस भागवून घेतात, कुणाचा वेळ जात नाही आणि मुख्य म्हणजे नवा माणूस लाजेखातर अवघड लाइनवर गाडी घालत नाही. हे लाजेचं प्रकरण फार खरं आहे बरं का, सगळे बघतायत म्हणून घातली आणि बंपर गेला असं नेहमी होतं. तेव्हा ब्रीफिंगमध्ये मोठ्याने सांगा की वळसा घेणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही.

नुसत्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना प्रेमाने सांगा की ट्रॅकवर गाडी नको, माणसं या, दुसऱ्यांच्या गाडीत जागा करून देऊ. ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांना घ्या पण त्यांची अडचण समजून घ्या. त्यांच्याकडे लो रेंज नसते, म्हणजे हळू चालताना जास्त जोर मिळवायला इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरच ताण येतो. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लांब चढावर, मऊ वाळूत तापतात, आणि मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग तापलं की बऱ्याच गाड्यांमध्ये ते स्वतःला वाचवायला सुटतं, मग अचानक चढाच्या मध्यावर गाडी दोनच चाकांवर ओढायला लागते. ड्रायव्हरला वाटतं गाडी बिघडली. बिघडलेली नसते, थंड होऊ द्यायची. अशा सगळ्या गाड्या एकाच गटात ठेवा आणि त्या गटाला थांबे जास्त द्या. आणि उलट बाजूने, पार्ट टाइम फोर बाय फोरवाल्यांना, म्हणजे ज्यांना चारही चाकांची ताकद लागेल तेव्हा स्वतः लावावी लागते त्यांना, आठवण करा की डांबरी रस्त्यावर परत आलो की टू व्हील ड्राइव्हवर यायचं, कोरड्या कडक रस्त्यावर फोर व्हील लावून वळलं की ट्रान्समिशनमध्ये पीळ बसतो.

रूट कागदावर किंवा सॅटेलाइट नकाशावर बघून पास करू नका. जाऊन चालवा. दोन गाड्या तरी न्या, एकट्या गाडीने रेकी करायची नाही, आणि त्यातली एक शक्यतो तुमच्या कच्च्या गटातल्या गाडीसारखी असू द्या. चालवताना चार गोष्टी लिहून घ्या, अवघड जागा कुठे, तिथे बाकीच्या गाड्या उभ्या करायला जागा आहे का, मधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागायच्या वाटा कुठे, आणि ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येऊ शकते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक विसरतात. मग त्या जागांचे अक्षांश-रेखांश कागदावर छापून प्रत्येक लीड आणि स्वीपकडे द्या, कारण मोबाइलला रेंज नसते तेव्हा मोबाइलमधला नकाशा पण बऱ्याचदा उघडत नाही. इव्हेंटच्या आदल्या एक-दोन दिवसांत पाऊस झाला तर पुन्हा एकदा बघून या, ओल्या मातीचा तोच ट्रॅक अगदी वेगळा असतो. पुढे ढकलायचं की नाही हे गुरुवारी संध्याकाळी ठरवायचं असा नियमच करून टाका, शनिवारी सकाळी पंचवीस गाड्या जमल्यावर कुणाची नाही म्हणायची हिंमत होत नाही.

परवानगी लेखी घ्या. जमीन कुणाची आहे त्या प्रत्येकाची, तारीख, गाड्यांची संख्या, कुठल्या वाटेने जाणार, सगळं लिहून. तोंडी हो म्हणणारा माणूस त्या दिवशी नसला तर तुम्ही गेटवर अडकाल. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. इन्शुरन्सचं प्रत्येकाला आपापल्या कंपनीला लेखी विचारायला सांगा, कारण शर्यत किंवा स्पर्धेत वापरलेली गाडी साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही आणि रस्ता सोडून चालवलं तर काय होतं हे पॉलिसीगणिक बदलतं. म्हणून माझी कळकळीची विनंती, स्टॉपवॉच आणू नका. कोण किती सेकंदात चढला हे मोजायला लागलात की त्याची स्पर्धा झाली, आणि स्पर्धेचे नियम, सेफ्टीचं सामान, परवाने सगळंच वेगळं. शिवाय वेळ मोजली की लोक ॲक्सिलरेटर दाबतात. ऑफ-रोडिंगमध्ये जमेल तितकं हळू आणि गरजेपुरतं जोरात, एवढंच पुरतं.

ट्रॅक जपायचा हे मी सल्ला म्हणून नाही, हक्काने सांगतोय. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये रुबिकॉन ट्रेल आहे, १९५३ साली पहिली जीप जांबोरी तिथेच झाली, जगभरच्या ऑफ-रोडवाल्यांचं ते स्वप्न. २००९ मध्ये तिथल्या पाणी-गुणवत्ता बोर्डाने त्या ट्रेलबद्दल साफसफाईचा आदेश काढला, कारण वाहून जाणारी माती, गाड्यांचं सांडलेलं ऑइल आणि माणसांची घाण हे सगळं पाण्यात उतरत होतं. इतका नावाजलेला ट्रेल सुद्धा असा कायद्याच्या कचाट्यात सापडतो, मग आपल्या क्लबच्या छोट्या ट्रॅकला बंद करायला कितीसा वेळ लागणार. चिखलाचा खड्डा आला तर त्यातून जायचं नाहीतर मागे फिरायचं, कडेने नवी वाट पाडायची नाही, कारण कडेने दहा गाड्या गेल्या की वाट दुप्पट रुंद होते आणि पुढच्या पावसात ती सगळी माती धुऊन जाते. चाकं एका जागी फिरवत बसायचं नाही. प्रत्येक गटात ऑइल शोषून घेणारे पॅड आणि जाड पिशव्या ठेवा, खडकावर ऑइल पॅन फुटणं काही दुर्मिळ नाहीये. शौचाची सोय काय हे ब्रीफिंगमध्ये न लाजता सांगा, बाया-मुलं असणार आहेत तर हे आधीच ठरलेलं बरं.

टायरची हवा. ट्रॅकच्या तोंडाशी सगळ्यांनी हवा कमी करायची, ही एक गोष्ट केली तरी अडकणाऱ्या गाड्या निम्म्या होतील असं माझं मत. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असतं, खडबडीत मातीच्या वाटेला २५ च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८. हे आकडे गाडीचं वजन आणि टायर बघून थोडे वरखाली करायचे. हवा कमी केली की टायर जमिनीला लांबलचक टेकतो, वजन पसरतं, पकड वाढते आणि दगडावर टायर कापला जायची शक्यता पण कमी होते. पण मग वेग कमी ठेवायचा आणि एकदम तीव्र वळण घ्यायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायचीच, कमी हवेवर वेगात गेलं की टायरच्या बाजूच्या भिंती तापून फाटतात. इथे परत गणित आहे बघा, पंचवीस गाड्या म्हणजे शंभर टायर, एक छोटा कॉम्प्रेसर एका टायरला तीन-चार मिनिटं घेतो. एकच कॉम्प्रेसर असेल तर रात्र होईल. प्रत्येक गटाला निदान दोन-तीन चांगले कॉम्प्रेसर पाहिजेत, आणि हवा भरायचा वेळ शेड्यूलमध्ये धरा.

आता रिकव्हरी, यावर मी जास्त बोलणार आहे कारण ऑफ-रोडिंगमध्ये माणसं गाडी उलटून जशी दगावतात तशीच अडकलेली गाडी ओढताना पण दगावतात, आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येण्यासारखं असतं. ट्रेलर जोडायचा जो गोळा असतो मागे, त्याला स्ट्रॅप, म्हणजे गाडी ओढायचा पट्टा, कधीही, कुणीही, कितीही घाई असली तरी अडकवायचा नाही. तो गोळा झटका सहन करायला बनवलेला नाही, मोडला की स्ट्रॅपच्या ताकदीने तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आतल्या माणसाला लागतो, यात लोक खरोखर मेले आहेत. तसंच ट्रान्सपोर्ट करताना गाडी बांधायची जी बारीक कडी खाली असतात ती पण नाही. बंपरमध्ये स्क्रू करून लावायचा जो टो-हुक गाडीबरोबर येतो तो सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी आहे, झटक्याच्या ओढीसाठी नाही. म्हणून सकाळच्या तपासणीत प्रत्येक गाडीला पुढे आणि मागे नीट चासीला बोल्ट केलेले रेटेड रिकव्हरी पॉइंट, म्हणजे किती ताण झेलतात ते ठरवून दिलेले हुक, आहेत का ते हात लावून बघा. ज्याच्याकडे नाहीत तो साध्या वाटेवरच राहील, यात तडजोड नाही.

स्ट्रॅप दोन प्रकारचे, आणि लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. ताणला जाणारा स्नॅच स्ट्रॅप साधारण २० टक्के लांबतो, कायनेटिक दोर ३० टक्क्यांपर्यंत, म्हणून ओढणाऱ्या गाडीचा वेग त्यात साठतो आणि अडकलेली गाडी हळूच उपसली जाते. साधा टो स्ट्रॅप किंवा विंचसोबतचा (विंच म्हणजे गाडीला लावलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) स्ट्रॅप फारसा लांबत नाही, त्याने झटका मारला की सगळा मार पॉइंटवर येतो. झटका फक्त लांबणाऱ्याने, आणि तो पण हळू सुरुवात करून, पहिल्या प्रयत्नात नाही निघाली तर थोडा वेग वाढवून, पहिल्याच वेळी धूम ठोकून नाही. दोन स्ट्रॅप जोडायला मधे लोखंडी शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणारी कडी, घालायचा नाही, स्ट्रॅप तुटला तर तो उडतो. जिथे शॅकल लागतोच तिथे वर्किंग लोड, म्हणजे किती भार झेलतो तो आकडा, कोरलेलाच वापरा, नेहमीचा पाऊण इंची बो शॅकल ४.७५ टनाचा असतो, ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही तो बाजूला फेका. पिन पूर्ण आवळून मग जराशी मागे फिरवायची म्हणजे ताण आल्यावर जाम होत नाही.

ओढताना दोन्ही गाड्यांत फक्त ड्रायव्हर. दोराच्या मधोमध डॅम्पर, म्हणजे दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारं वजन, किंवा जाड ओलं पोतं टाकायचं. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, आणि दोराच्या सरळ रेषेत तर कुणीच नाही. व्हिडिओ काढणारे हमखास तिथेच येऊन उभे राहतात, त्यांना हटवायला एक माणूस ठरवून ठेवा. आणि रिकव्हरीचा बॉस एकच, गटाचा स्वीप. पाच जण पाच बाजूंनी ओरडतात तेव्हाच अपघात होतो. विंच असेल तर ती गाडीच्या पूर्ण वजनाच्या दीडपट तरी ताकदीची असावी, आणि लक्षात ठेवा की ती लिहिलेली ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावर मिळते, बाहेरच्या थरावर कमी होत जाते. पुली लावून दोर दुहेरी केला की ओढ दुप्पट, वेग निम्मा.

पण खरं सांगू का, बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. फावडं घ्या, चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची माती काढा, हवा अजून थोडी कमी करा, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे पकड देणारी दातेरी फळी, नीट सारा, आणि हळू बाहेर या. चाक फिरत राहिलं तर बोर्डाचे दात वितळतात, म्हणून तिथे पण पाय हलका. दहा मिनिटं खणायचा कंटाळा करून लोक स्ट्रॅप काढतात, तुम्ही तसं होऊ देऊ नका.

ओढ्याचं आलंच म्हणून. गाडी किती पाण्यात जाऊ शकते हे तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते फार वेगवेगळं असतं, सुझुकी जिम्नीला ३०० मिलिमीटर, जीप रँग्लरला ७६० च्या आसपास, एअर सस्पेन्शनच्या नव्या लँड रोव्हर डिफेंडरला ९००. तिन्ही खऱ्या फोर बाय फोर, पण एक गेली म्हणून दुसरी जाईलच असं नाही. आधी माणसाने काठी घेऊन चालत जाऊन बघायचं, जिथे चालत जाणं सुरक्षित वाटत नाही तिथे गाडी पण नाही. वाहतं पाणी एक फूट असलं तरी छोटी गाडी तरंगू शकते, दोन फुटांना बहुतेक गाड्या वाहून जातात. एका वेळी पाण्यात एकच गाडी, पलीकडची पूर्ण बाहेर पडून पुढे सरकल्यावरच दुसरी. एकसारखा हळू वेग, मधे गिअर बदलायचा नाही, आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवायचे.

चढावर पण हाच नियम, एका वेळी एकच. चढताना इंजिन बंद पडलं की घाबरून आधी क्लच दाबू नका, ब्रेक घट्ट धरा, मगच क्लच दाबून रिव्हर्स घाला, सरळ रेषेत मागे या. गाडी वळवून आडवी करायची नाही, उलटतात त्या अशाच. ही एक गोष्ट शनिवारी सकाळी छोट्या उतारावर प्रत्येक नव्या ड्रायव्हरकडून करून घ्या, नुसती सांगू नका.

सकाळचं ब्रीफिंग वीस मिनिटांत उरका, त्याच्यापुढे कुणी ऐकत नाही. सीटबेल्ट, हात आत, गाडीतलं सुटं सामान बांधलेलं, स्टिअरिंगवर अंगठे आतून अडकवायचे नाहीत कारण दगडाने चाक झटकलं की अंगठा जातो. गाड्या दिवसभरासाठी उभ्या होईपर्यंत दारूचा थेंब नाही. अवघड जागी मुलं गाडीबाहेर, लांब, एका मोठ्या माणसाच्या ताब्यात. स्पॉटर, म्हणजे गाडीबाहेर उभा राहून हाताने वाट दाखवणारा, एकच, त्याचा हात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. आणि कॉन्व्हॉयचा नियम, प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची काळजी घ्यायची, वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. एवढं पाळलं तर धुळीत सुद्धा कुणी हरवत नाही. वॉकीटॉकी प्रत्येक गाडीत असू द्या, तुमच्याकडे कुठल्या फ्रिक्वेन्सीला परवाना लागतो ते आधी बघून. लांबच्या भागात असाल तर एक सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळाला तरी घ्या. प्रत्येक गाडीत हाताशी येईल असं एक-दोन किलोचं आग विझवायचं नळकांडं, वाळलेल्या गवतात गाडी उभी केली की तापलेल्या सायलेन्सरच्या भागाने खालचं गवत पेटतं. प्रत्येक गटात प्रथमोपचार शिकलेला निदान एक माणूस, आणि पूर्ण पेटी. निघताना गाड्या आणि माणसं मोजायची, प्रत्येक थांब्यावर मोजायची, संपल्यावर मोजायची.

रविवार अर्धाच ठेवा. शेवटची अवघड जागा दुपारच्या आत. थकलेले ड्रायव्हर आणि घरी जायची घाई हे दोन्ही एकत्र आले की साध्या जागी गाड्या आपटतात.

जबाबदारीचं विचारलंत. सह्या घेतलेला फॉर्म पाहिजेच, त्यात इमर्जन्सी नंबर, रक्तगट, आजार, ॲलर्जी सगळं असू द्या, पण सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होतो असं समजू नका, तुमच्याकडच्या वकिलाला एकदा दाखवा. तुमचं खरं संरक्षण म्हणजे लिहून ठेवलेला प्लॅन, कोण कुठल्या गटात, कुणाकडे काय सामान, रेकी कधी केली, कुणाला का परत पाठवलं. आणि जबाबदारी एकटीवर घेऊ नका, क्लबच्या कमिटीकडून नियम लेखी मंजूर करून घ्या, त्यात एक वाक्य असू द्या की ट्रॅकवर कुणालाही थांबवायचा शेवटचा अधिकार सेक्रेटरीचा. कमिटी हे वाक्य लिहून द्यायला तयार नसेल तर ताई, हा इव्हेंट घेऊ नका, अधिकार नसताना जबाबदारी घेण्यात काही अर्थ नाही.

हे वाक्य हातात आलं की मगच त्या सिनियर मेंबरकडे जा. सगळ्यांसमोर नाही, मेसेजवर तर मुळीच नाही, घरी जाऊन, दोन-तीन आठवडे आधी. मागचा विषय काढा पण तक्रार म्हणून काढू नका. त्यांच्याकडे जे खरंच आहे, हात आणि अनुभव, ते मागा. मी त्यांना नव्या लोकांच्या गटाचा स्वीप करीन. स्वीपला रांग तोडता येतच नाही, त्याच्या पुढे सगळे असतात, आणि अडकलेली प्रत्येक गाडी त्यालाच काढावी लागते, म्हणजे अवघड काम पण मिळतं आणि मान पण. रेकीला पण न्या त्यांना, स्वतः पाहिलेल्या रूटची माणसाला आपोआप काळजी वाटते. साधारण असं बोला, "दादा, नवी मंडळी येतायत, मुलं आहेत बरोबर, मागची गाडी तुम्ही सांभाळलीत तर मी निर्धास्त. फक्त एक आहे, यंदा नियम सगळ्यांना सारखे, एकदा सांगून ऐकलं नाही तर त्या दिवसापुरती गाडी बाजूला लावायची, मग मी असले तरी."

हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले, किंवा हो म्हणून ट्रॅकवर परत तेच केलं, तर त्याच जागी गट थांबवा, त्यांच्या खिडकीपाशी जा, हळू आवाजात सांगा की आजच्यापुरतं थांबायचं, आणि ते मान्य करेपर्यंत पुढची गाडी सोडू नका. त्या वेळी अध्यक्ष तुमच्या शेजारी उभे असतील हे मात्र आत्ताच पक्कं करून घ्या.